ओसरीवरून : शेतावरची यारी

यारी म्हणजे दोस्ती, एवढाच अर्थ आमच्या घरातील लहान मंडळींस ठाऊक. त्यामुळे यंदा पाडवा झाल्यावर आमच्या धाकट्या पुतण्याने जेवताना 'विहिरीवर यारी उभी करावयाची आहे' असे सांगितले, तेव्हा पंगतीत चांगलाच हशा पिकला. विहीर खोदताना, किंवा तीतील गाळ काढताना, काठावर जो फिरता बाहू उभा करतात व ज्याच्या टोकावरून दोर सोडून दगडमाती वर ओढून घेतात, त्यास आपल्याकडे यारी म्हणतात. हे शाळा आणि शिकवणी यांपलीकडे ज्यांचे पाऊल पडत नाही त्या मुलांस कोठून माहीत असावे? परंतु ज्यांची थोडीबहुत शेती अद्याप गावी आहे, स्वतःची नसली तर भाऊबंदांची तरी आहे, अशा पुष्कळ घरांतून हे मासिक जाते, असे आम्हांस येणाऱ्या पत्रांवरून दिसते. म्हणून या खेपेस ओसरीवरून उठून जरा मळ्यात जाण्याचे योजिले आहे. शिवाय घडलेल्या हकीकतीत थोडा दोष आमच्याही पदरी आला आहे, आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही.

आमचे पिंपळनेर हे साक्री तालुक्यात, पांझरेच्या खोऱ्यात वरच्या अंगास आहे. दक्षिणेस सेलबारीचा डोंगर. तो ओलांडला की बागलाण लागले. या खोऱ्यातील जुन्या लोकांनी पाणी उचलण्याचा खटाटोप होईल तितका टाळलेला दिसतो. नदीस आडवा बंधारा घालावा, काठाकाठाने पाट काढावा, आणि जमिनीच्या उतारानेच पाणी शिवारात न्यावे. शिवाराचे फड पाडून एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावे, म्हणजे पाळीवरून तंटा नको. ही फडपद्धती पांझरेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नोकरीच्या त्या आरंभीच्या काळात ते धुळ्यास होते, व याच पांझरेच्या पात्रात नळांचा सायफन घालण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. तेथेही तत्त्व तेच. पाण्यास उचलावयाचे नाही, त्याच्याच भाराने त्यास पलीकडे जाऊ द्यावयाचे.

पाट जेथवर पोहोचत नाही तेथे मात्र विहिरीवाचून गती नाही, आणि विहीर म्हटली की उचलणे आले. आमच्या लहानपणी मळ्यात मोट चालत असे. बैल धावेवरून खाली उतरत, नाडा ताणला जाई, चाक कुरकुरे, आणि चामड्याची फुगलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. कोकणात याच कामास लाट असते. आडव्या दांड्याच्या एका टोकास भांडे आणि दुसऱ्या टोकास दगड. रहाट हा शब्द तर संस्कृत 'अरघट्ट' याचाच झिजलेला अवशेष होय. या उचलण्याचे मोल पूर्वीच्या राज्यकर्त्यांसही कळत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्यावरील राजभाग सांगितला आहे, त्यात हाताने उपसलेल्या पाण्यास पाचवा हिस्सा, खांद्यावरून आणलेल्यास चौथा, आणि प्रवाहातून यंत्राने काढलेल्यास तिसरा, असा क्रम आहे. ज्याचे श्रम अधिक त्याच्यावर कर कमी, ही त्यातील न्यायबुद्धी आम्हांस वर्गात समजावून सांगताना नेहमी आनंद होत असे.

पुढे वीज आली, पंप आले, आणि पाणी उचलण्याची चिंता मिटली. आजच्या मुलास मोट दाखवावयाची तर चित्रातच दाखवावी लागेल. परंतु पंपाने पाणी तेवढे वर येते. दर पावसाळ्यात काठावरून वाहून आलेली काळी माती, पडलेल्या दरडीचे दगड, आणि कोणाच्या तरी हातून पडलेली घमेली हे सर्व तळाशी साचत राहते व झरे बुजतात. आमची विहीर ४५ फूट खोल व २० फूट रुंद आहे. तिची एक बाजू काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंतीची आहे. धुळे-नंदुरबारकडील जमिनीत अशा भिंती पूर्वपश्चिम दूरवर गेलेल्या आढळतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस डाइक म्हणतात. बाकीच्या तीन बाजू मुरूम व भुसभुशीत खडक यांच्या. त्या बाजूंची माती ढासळून ढासळून तळाशी ६ फूट गाळ झाला होता. हिशेब केला तर तो जवळजवळ १,९०० घनफूट भरतो.

भाड्याची यारी मिळते. डिझेल इंजिनावर चालणारी, तारेचा दोर असलेली, सोबत माणसेही असतात. खडक फोडून विहीर खोल करावयाची असेल तर तीच आणावी, त्यात घरचे शहाणपण उपयोगाचे नाही. एक घनफूट काळा पाषाण सुमारे ८० किलो भरतो; असले धोंडे उचलणे हा हौसेचा विषय नव्हे. परंतु आमचे काम गाळाचे. त्यातून उन्हाळ्यात सर्वांनाच यारी हवी असते, आणि आपली पाळी येईतो मृग उजाडावयाचा. पुतण्या यंत्रांच्या बाबतीत हुशार आहे. त्याने जुन्या ट्रॉलीच्या चाकाचा हब, भंगारातील ४ इंची लोखंडी नळ आणि एका मिस्त्रीचे वेल्डिंग एवढ्या भांडवलावर घरीच यारी करावयाचे ठरविले, आणि कागद घेऊन आमच्याकडे आला. "काका, एवढे गणित करून द्या."

आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, मास्तरांनी कशाला लोखंडाच्या नादी लागावे?" त्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यंत्राचित्रे काढावयास शिकवीत असत, आणि लोखंडी नांगर काढून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारे ते हेच, असे उत्तर आम्ही मोठ्या ऐटीत दिले. ऐट फार दिवस टिकली नाही.

रचना अशी होती. काठावर भक्कम पायावर एक उभा खांब; त्याच्या डोक्यावर तो हब; हबावर १४ फूट लांबीचा नळ आडवा, तराजूच्या दांडीसारखा. विहिरीकडे ९ फूट, मागे ५ फूट. पुढच्या टोकास कप्पी, मागच्या टोकास दगड भरण्याची पेटी, आणि मागच्याच बाजूस दोर गुंडाळण्याचा ६ इंच व्यासाचा ढोल. ढोलास दोन्हीकडे दीड दीड फुटाच्या दांड्या, म्हणजे दोन माणसे फिरवू शकतील. गाळासाठी २०० लिटरचे तेलाचे पिंप अर्धे कापून त्याची बादली केली. ओला गाळ पाण्याच्या पावणेदोनपट जड धरला, तर १०० लिटरच्या बादलीत पावणेदोनशे किलो, आणि बादली व आकडा मिळून १८५. हे वजन ९ फुटांवर. त्यात नळाच्या पुढच्या भागाचे वजन मिळवून ५ फुटांवर समतोल साधावयास सुमारे ३५० किलो दगड हवेत. आम्ही दीडपट करून सव्वापाचशे सांगितले, आणि खाली दुहेरी रेघ मारली.

दोन दिवस काम सुरळीत चालले. पुतण्या व एक गडी वर दांडीवर, दोन गडी खाली. खालच्या दोघांपैकी एक वयस्क. विहिरीच्या कामात त्याचे आयुष्य गेलेले. एकूण सव्वापाचशेच्या वर खेपा व्हावयाच्या होत्या, आणि दिवसास ६० होत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बादली भरली, वरून दांडी फिरू लागली, आणि बादली हलेना. गाळ चिकट, बादलीचे बूड त्यात रुतून बसलेले. वरच्या दोघांनी अंगाचा भार दांडीवर टाकला. बादली हलली नाही. आमच्या डोळ्यांदेखत दगडांची पेटी वीतभर वर उचलली गेली आणि बाहूचे टोक विहिरीत वाकले. घाबरून दोघांनीही दांडी सोडली. पेटी धाडकन खाली आली, ताणलेला दोर ढोलावरून सुटला, आणि उलट फिरणाऱ्या दांडीने पुतण्याच्या उजव्या हाताचे मनगटावरचे हाड मोडले.

बादली जागची हलली नव्हती म्हणून खालच्या दोघांस काही झाले नाही. तीच बादली ३० फूट वर आली असताना दांडी हातून सुटती तर काय झाले असते, हा विचार त्या रात्री आमच्या मनातून गेला नाही. दर उन्हाळ्यात यारीचा दोर तुटल्याची किंवा पाटी कोसळल्याची वार्ता वर्तमानपत्रात कोठून ना कोठून येते. ती वाचून आपण पान उलटतो. खाली जो उभा असतो तो बहुधा आपल्या घरातला नसतो, म्हणून तसे पान उलटता येते.

दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा काढला. बेरीज-गुणाकारात चूक नव्हती. १८५ किलोंसाठी सव्वापाचशे पुरेसेच होते. परंतु दोन माणसे अंगभार देऊन दीड फुटाच्या दांडीवर लोंबकळली, तर ३ इंच त्रिज्येच्या ढोलावर त्यांच्या जोराचे सहापट होतात. घर्षणाची वजावट करूनही दोरावर चारशेच्या वर किलो ताण सहज येतो. आणि पुढच्या टोकावर २८० किलोंपलीकडे ताण गेला की पेटी उचलली जाणार, हे त्याच कागदावरून दिसत होते. आम्ही बादलीचे वजन मोजले. बादली अडकली तर माणसे किती जोर लावतील हे मोजले नाही. आणखी एक गोष्ट. त्या वयस्क गड्याने पहिल्याच सकाळी पुतण्यास म्हटले होते की, बादली गाळात थेट ठेवू नका, खाली दोन दगड ठेवा, आणि ओढण्याआधी पहारीने कडेला भोक करून वारा आत जाऊ द्या. पुतण्याने ते ऐकले व विसरला. आम्ही तर त्यास काही विचारलेच नव्हते. विहिरीत आयुष्य काढलेल्या मनुष्यापेक्षा आमच्या दुहेरी रेघेवर घरातील सर्वांचा विश्वास अधिक होता, आणि आमचाही.

'यंत्र' या शब्दाची व्युत्पत्ती तेव्हा आठवली. कोणी तो 'यम्' धातूपासून साधतात, कोणी धातुपाठातील 'यत्रि' पासून. परंतु अर्थ दोन्हीकडे आवरणे, आखडणे, रोखून धरणे असाच निघतो. चाळीस वर्षे आम्ही हे मुलांस सांगितले. उचलणे हा अर्थ त्यात कोठेच नाही. आमच्या यारीत उचलण्याची सोय सर्व होती आणि धरून ठेवण्याची एकही नव्हती.

तेव्हा पहिली दुरुस्ती झाली ती खिट्टीची. ढोलाच्या कडेस भंगारातील एक मोठे दातेरी चाक जोडले, आणि वरून आपल्याच भाराने दातात पडणारी लोखंडी खिट्टी बसविली. ढोल पुढे फिरताना ती टक टक वाजत दातांवरून सरकते. दांडी सुटली तर जेथल्या तेथे ढोल अडवते. पंजाबाकडे रहाटाच्या अशा खिट्टीस 'कुत्ता' म्हणतात. राखणदारच तो, नाव काही वाईट नाही. बादली खाली सोडताना खिट्टी उचलावी लागते, म्हणून ढोलास पट्टीचा ब्रेकही लाविला. एक हात ब्रेकवर असल्यावाचून खिट्टीस स्पर्श करावयाचा नाही.

दुसरी दुरुस्ती शेपटाकडची. नुसते दगड वाढविले तर खांबावरचा भार वाढतो, आणि काठाची माती ढासळण्याची भीती. म्हणून मागे पक्क्या खडकात भोके पाडून दोन लोखंडी खुंट ठोकले, व बादली वर येत असताना शेपूट साखळीने त्यांस बांधून ठेवले. बादली काठाच्या वर आली की खिट्टी पडली आहे हे पाहावयाचे, साखळी सोडावयाची, आणि मगच बाहू जमिनीकडे फिरवावयाचा. कंटाळवाणे खरे, परंतु साखळी बांधलेली असताना शेपूट पुन्हा उचलले गेलेले नाही.

बादलीच्या आकड्यावर एक हलती कप्पी घालून दोर दुहेरी केला. याने ओढण्याचा जोर निम्मा लागतो आणि दोर दुप्पट ओढावा लागतो. पूर्वी एका खेपेस ढोलाचे ३० फेरे पुरत, आता ६० लागतात. आर्किमिडीजपासून आजतागायत या व्यवहारात कोणास सूट मिळालेली नाही. टोकाची एकच स्थिर कप्पी असेल तर ती दोराची दिशा तेवढी बदलते, जोर काडीचाही वाचवीत नाही. पुष्कळ लोक याबाबत फसतात.

दोराविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. तारेचा ८ मिलिमीटर जाडीचा चांगला दोर सुमारे साडेतीन टनांवर तुटतो. म्हणून त्यावर साडेतीन टन टांगावयाचे असे नव्हे. पाचवा भाग, म्हणजे ७०० किलो, ही कामाची मर्यादा समजावी. कप्पी लहान असेल तर तारा आतून मोडत जातात व बाहेरून काही कळत नाही; कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान अठरापट असावा. बादली तळाशी टेकली असतानाही ढोलावर तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. दोराचे टोक दुमडून जेथे बांधतात तेथे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या क्लिपा लावतात, त्या निदान तीन हव्यात, आणि तिन्हींचे बूड भार घेणाऱ्या दोराकडे व यू-ची कमान मोकळ्या टोकाकडे असावी. आमच्या मिस्त्रीने एक उलटी लाविली होती. उलटी लावल्यास कमान भाराच्या दोरालाच चावते. रोज सकाळी जाड कापड हातात धरून दोर सबंध पुसून पाहावा. तुटलेली तार कापडास अडकते. अशा तारा जागोजाग दिसू लागल्या की दोर टाकून द्यावा, त्यात काटकसर नको.

माणसाने बादलीत बसून वर-खाली करावयाचे नाही, हा नियम आम्ही दारावर खडूने लिहून ठेवला. उतरण्यास वेगळी शिडी, आणि कमरेस वेगळा दोर. बादली वर जात असताना खालच्यांनी पाषाणाच्या भिंतीस लागून उभे राहावयाचे, आणि वरच्यांस खूण करावयाची ती एकाच माणसाने. दोघे ओरडू लागले की घात. काही जण उपशाचे डिझेल इंजिन विहिरीतच उतरवून चालवितात. त्याच्या धुरातील विषारी वायूने माणूस बेशुद्ध पडतो, आणि दिवा सोडून पाहिला तरी तो वायू कळत नाही, कारण दिवा त्यात जळत राहतो. इंजिन काठावरच ठेवावे.

असो. पुतण्याचा हात प्लास्टरमध्ये असल्याने दांडी त्याच्या चुलतभावाने धरली, आणि खूण करण्याचे काम त्या वयस्क गड्याकडे दिले. तो वरही येईना. म्हणे, खाली उभे राहूनच दोर कळतो. बादलीखाली दोन दगड आणि कडेस पहारीचे भोक, एवढ्याने बादली एकदाही रुतली नाही, म्हणजे साखळीस आपला गुण दाखविण्याचा प्रसंगच आला नाही. आखाजीच्या आधी तीन दिवस तळाचा खडक उघडा पडला. आखाजीस खानदेशात लेकी माहेरी येतात, कामे बंद असतात, म्हणून घाई होती. पाषाणाच्या भिंतीच्या मुळाशी, जेथे ती मुरमास मिळते, तेथून बोटाएवढी धार निघाली. रात्रीतून दीड पुरुष पाणी चढले.

ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यांची आभाळास टेकणारी पाती ज्या अजस्र यंत्रांनी वर चढविली त्यांच्यापुढे आमची १४ फुटी यारी म्हणजे खेळणे. पण गाळाखेरीज तिने आणखी कामे केली. पंप दुरुस्तीस वर काढला, खताची पोती ट्रॉलीवर चढविली. २०० किलोंपलीकडे मात्र तिच्यावर काही टांगू दिलेले नाही; जड इंजिन उचलावयाचे तेव्हा तिवईवर चेनकप्पी लावूनच उचलले. सध्या ती गोठ्याच्या आडोशाला आडवी करून ठेविली आहे. शेजारच्या मळ्यातून पुढील उन्हाळ्यासाठी मागणी आली आहे. द्यावयाची असे ठरले आहे. मात्र खुंटांसाठी खडक आधी पाहिला जाईल, आणि पहिले दोन दिवस आमचा तो गडी पूर्ण रोजाने सोबत जाईल, तो सांगेल तसे चालेल, या अटीवर.